दोन रेघा अलीकडे

गाडीचं हँडल मारताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, हँडल उलटं आलं तर हात सुटत नाही.

•

मोतीबाईनं तीच भाकर तिसऱ्यांदा तव्यावर टाकली, नवऱ्याच्या ताटात वाढली. ती तशीच राहिली.

•

धनुर्वात झालेल्या माणसाच्या खोलीत उजेड चालत नाही. आवाज चालत नाही. दाराची कडी वाजली तरी त्याचं अंग पाठीतून वर उचललं जातं, आणि तोंडाकडे पाहिलं तर तो हसतोय असं वाटतं.

•

सात गाड्या. सगळ्या लढाईतल्या. एक अजून हिरवीच.

•

"म्हणजे मिस्त्रीलेच हँडल धरता येत नव्हतं म्हना की." आर्णीच्या बसस्टँडजवळ, चहाच्या दुकानात. सगळे हसले. बोलणारा वाईट माणूस नव्हता.

•

पेचकसाला लागलेला लाल रंग घासलेटानं निघतो. नखातला निघत नाही.

•

हे सगळं हरिसिंगाच्या डोक्यात असंच तुकड्यांनी फिरत होतं, आणि १९६५ सालचा पाडवा चार दिवसांवर आला होता.

हरिसिंग आर्णीजवळच्या बंजारा तांड्यातला. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरला. बापानं वावर धरलं. हरिसिंगानं लढाई संपल्यावर चारेक वर्षांनी मिलिटरीच्या लिलावातून बेचाळीस सालची शेवरलेट आणली, आणि तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, पोरगं आज्यावर गेलं. अशी वेडी माणसं त्या भागात सात निघाली. कोणाकडे फोर्ड, कोणाकडे डॉज. लोक त्यांना लढाईवाले म्हणत. पुढे डिझेलच्या नव्या गाड्या आल्या आणि ह्या पेट्रोल पिणाऱ्या म्हाताऱ्यांना भाडं मिळेनासं झालं, तरी सातांपैकी एकानंही आपली गाडी भंगारात घातली नाही. गाडीवर जीव होता, एवढंच कारण. ते कोणाला सांगून पटत नसे, म्हणून ते सांगतही नसत.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सातही गाड्या अरुणावतीच्या काठी उभ्या राहत. स्टार्टरची वायर काढून ठेवायची आणि समोरून हँडल मारायचं. ज्याची गाडी एका हँडलात उठेल त्याला पागोटं. पागोटं बांधायचा वाहिद मिस्त्री.

वाहिदकडे स्वतःची गाडी नव्हती. पण लढाईवाल्यांत आठवा धरायचा झाला तर तो पहिला धरावा लागे. सातही गाड्यांचा आवाज त्याला बाजारातून, पाठमोरा असताना ओळखू यायचा. "फुलचंदची डॉज खोकून राह्यली," असं म्हणून तो भाजी निवडत राही, आणि पंधरा मिनिटांत फुलचंद मिस्त्रीच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानासमोर येऊन उभा.

त्याची एक रीत होती. गाडी घेऊन कोणी आलं की तो बॉनेट उघडत नसे. जुन्या टायरवर बसून सुपारी कातरायचा आणि विचारायचा, "कशाले हात लावला?"

"कशालेच नाई, मिस्त्री."

"बरं. चहा घे."

मग गप्पा. पाऊसपाणी, कापसाचा भाव, कोणाच्या घरचं लगीन. तासाभरानं पुन्हा, "कशाले हात लावला?" उत्तमसिंगाला त्यानं एकदा दुपारभर असं बसवलं होतं. उत्तमसिंगाच्या फोर्डचं रेडिएटर गळत होतं, तर ह्या शहाण्यानं त्यात ज्वारीचं पीठ ओतलं होतं, भोक बुजेल म्हणून. कबूल काही होईना. शेवटी इंजिन तापलं आणि दुकानभर आंबिलीचा वास सुटला.

"उत्तमसिंग," वाहिद म्हणाला, "मीठ टाकलं का तसंच?"

हा किस्सा दरवर्षी नदीकाठी निघे, आणि उत्तमसिंग दरवर्षी शिव्या देई.

पण त्या रीतीची दुसरी बाजू कोणी बोलून दाखवत नसे, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती. एकदा माणसानं उत्तर दिलं आणि वाहिदनं मान हलवली, की तो ते उत्तर पुन्हा तपासत नसे. तू म्हणालास ना स्क्रूला हात लावला नाही? मग तो स्क्रू तो उघडून पाहणार नाही. "तपासाचं होतं तं विचारलं कायले असतं," असं म्हणे.

•

जे झालं ते फुलचंद असं सांगतो:

माघाचा महिना. शुक्रवार. मिस्त्री नमाजहून आला, टोपी खिशात घातली अन् म्हने चाल. हरिसिंगची गाडी उठत नव्हती. मिस्त्रीनं हँडल मारलं, गाडीनं लात मारली. मनगट मोडलं, नंबरप्लेटीवर हात फाटला. मी माह्या डॉजमधी घालून नेलं. प्लास्टर झालं. अकराव्या रोजी जबडा बसला. यवतमाळच्या दवाखान्यात तीन दिवस, अन् गेला. एवढंच. पण बाप्पा, माणूस कसा होता सांगू?

उत्तमसिंग असं सांगतो:

अंगठा गुंडाळला. मिस्त्रीनं सोताच सांगितलं मले. प्लास्टरचा हात घेऊन दुकानात बसला होता, हसून म्हने, उत्तमसिंग, जिंदगीभर तुमाले शिकोलं आन् माह्याच अंगठ्यानं दगा देला, म्हातारा झालो. म्या त्याच्यात काय मिळवलं नाई.

आणि जे झालं ते असं:

मागच्या वर्षी पागोटं उत्तमसिंगाच्या डोक्यावर गेलं होतं. हरिसिंगाची शेवरलेट दुसऱ्या हँडलात उठली होती. वर्षभर ते त्याच्या मनात कुसळासारखं राहिलं. माघात एका दुपारी त्यानं बॉनेट उघडलं, ठिणगी पडायची वेळ जिथे बांधलेली असते तो स्क्रू सैल केला आणि वेळ तिथल्या मापाच्या दोन रेघा अलीकडे सारली. ठिणगी जरा लवकर पडली की इंजिन चटकन उठतं, आवाजही कडक येतो, असं त्यानं पुसदच्या एका ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. त्या स्क्रूवर वाहिदनं लाल रंगाचा ठिपका दिला होता. तो ठिपका म्हणजे इथे मी सोडून कोणी हात लावायचा नाही. सातही गाड्यांवर तसा ठिपका होता आणि सोळा वर्षांत तो कोणी मोडला नव्हता.

ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हातातलं हँडल माणसावर येतं. हेही हरिसिंगाला माहीत होतं. पण दोन रेघांनी काय होतं.

गाडी उठेना. शुक्रवारी वाहिद आला. पायदानावर बसून त्यानं सुपारी काढली.

"कशाले हात लावला?"

हरिसिंगाच्या तोंडाशी आलं होतं. पण कय्युम, मिस्त्रीचा थोरला, उभा होता. फुलचंद उभा होता. पागोट्यासाठी पन्नाशीच्या माणसानं ठिपका मोडला, हे त्या दोघांसमोर बोलायचं.

"नाई मिस्त्री. कशालेच नाई."

वाहिदनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. सुपारी तशीच खिशात टाकली आणि समोर जाऊन हँडल लावलं.

अंगठा चार बोटांच्या बाजूलाच होता. हरिसिंगानं पाहिला होता.

फुलचंदची डॉज मिस्त्रीला घेऊन वळली, कय्युम मागे बसून गेला, आणि हरिसिंग एकटा राहिला. त्यानं बॉनेट उघडलं. वेळ होती तिथे, दोन रेघा मागे आणून ठेवली. ठिपक्याच्या जागी तेलात कालवलेला शेंदूर लावला. पुढच्या माणसाला लागू नये म्हणून हे केलं, असं तो स्वतःला सांगत होता.

•

त्यानंतरचे दहा दिवस होते. पूर्ण दहा. ह्या दहा दिवसांत वाहिद जिवंत होता, दुकानात बसत होता, हसत होता. हरिसिंग पाच वेळा गेला. पाचही वेळा पपई घेऊन गेला, पपई ठेवली आणि परत आला. एकदा वाहिदच म्हणाला, "तू काहून तोंड पाडून बसला? तुह्या गाडीची चूक नाई. माह्या हाताची हाय."

तेव्हा सांगायचं होतं.

यवतमाळला खोलीत अंधार केला होता. कय्युमनं त्याला दोन मिनिटं आत सोडलं. वाहिदचे दात एकमेकांवर बसलेले, ओठ ताणलेले. फक्त डोळे फिरत होते. ते हरिसिंगावर आले आणि थांबले. हरिसिंग वाकला, तोंड कानाशी नेलं. इतक्यात बाहेर कोणाची तरी बादली पडली आणि वाहिदचं अंग कमान झालं. नर्सनं हरिसिंगाला दंडाला धरून बाहेर काढलं.

•

पाडव्याच्या दिवशी मोतीबाई गावातून आली. पाण्याची घागर उतरवता उतरवता म्हणाली, "कय्युम दुकान बंद करून राह्यला. नागपूरले चालला, कोण्या कंपनीच्या गॅरेजमधी. परवाच्या एसटीनं."

"काहून?"

"गिऱ्हाईक कुठी हाय? लोक म्हनतेत, बापाले हँडल धरता आलं नाई, पोराले काय येते." तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि तांड्याच्या बोलीत विचारलं, "काई वेगो?" काय झालं, असं. दीड महिन्यात तिनं हे पहिल्यांदाच विचारलं.

हरिसिंग उठून गाडीकडे गेला. गाडीला हात न लावता उभा राहिला आणि परत आला.

•

नदीकाठी त्या वर्षी पागोट्याची बैठक नव्हती, मिस्त्रीच्या आठवणीची होती. सात गाड्या अर्धवर्तुळात, मध्ये सतरंजी, सतरंजीवर वाहिदची हत्यारांची पेटी. कय्युम पेटीजवळ बसला होता. उद्या सकाळी तो जाणार होता.

फुलचंद बोलला आणि रडला. आणखी दोघं बोलले. आंबिलीचा किस्सा ह्या वेळी उत्तमसिंगानं स्वतः सांगितला आणि शेवटी शिवी द्यायला कोणी नव्हतं म्हणून मध्येच थांबला. मग म्हणाला, "अंगठ्याची गोष्ट म्या दुकानात बोलायले नोको होती. पन मिस्त्रीच बोलला होता."

"मिस्त्री चुकला नाई," हरिसिंग म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"त्याचा अंगठा बरोबर होता. म्या टायमिंग सारलं होतं. दोन रेघा. त्यानं विचारलं आन् म्या खोटं बोललो. मंग म्याच परत जाग्यावर केलं."

नदीपलीकडे कोणाची तरी म्हैस ओरडत होती. फुलचंद उठला, जवळ आला आणि हरिसिंगाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हरिसिंगभाऊ," तो म्हणाला, "मोठ्या मनाचा हाय तू."

"मन गेलं खड्ड्यात. मी खरं सांगून राह्यलो."

"खरंच सांगून राह्यला तू. मिस्त्रीचं नाव राहावं म्हणून कोन एवढं करते."

हरिसिंगानं बॉनेट उघडलं. "या. पाहा. ठिपका कुठी हाय? हा शेंदूर हाय. रंग नाई."

उत्तमसिंगानं वाकून पाहिलं. "शेंदूर तं माह्याबी गाडीले हाय. दसऱ्याले आपुन सगळेच लावतो."

"कय्युम," हरिसिंग म्हणाला, "तू तिथी होता."

कय्युमनं मान वर केली नाही. "चाचा, अब्बानं सोता सांगितलं का माह्याच अंगठ्यानं दगा देला. मरनाऱ्या मानसाले खोटं पाडू नका. आमच्यावर दया नोको."

मग हरिसिंगानं जे केलं त्याबद्दल पुढे पुष्कळ दिवस बोललं गेलं. त्यानं पेटीतून वाहिदचाच पेचकस घेतला, स्क्रू सैल केला, वेळ दोन रेघा अलीकडे सारली, स्क्रू आवळला. चावी फिरवली. समोर जाऊन हँडल लावलं. "मांगं सरका," तो म्हणाला. "आता पाहा कशी लात मारते."

त्यानं मुद्दाम अंगठा गुंडाळला आणि हँडल मारलं.

गाडी उठली. एका हँडलात. अशी गोड, अशी एकसारखी, की मागून कोणीतरी न राहवून "वा" म्हणालं.

त्यानं ती बंद केली. पुन्हा मारलं. उठली. बंद केली. पुन्हा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ऊन डोक्यावर आलं होतं. धोतराचा सोगा सुटला. तो गाडीला हळू आवाजात सांगत होता, मार, मार ना, त्याले मारलं तसं मले मार. पाचव्यांदा उठली. सोळा वर्षांत ती इतकी चांगली कधीच चालली नव्हती. सहाव्यांदा हात घसरून त्याचे गुडघे मातीत टेकले, आणि गाडी त्याच्या तोंडासमोर थरथरत चालत राहिली.

"अंगठा काढ, हरिसिंग," उत्तमसिंग हळूच म्हणाला.

फुलचंदनं आणि आणखी एकानं त्याला काखेत धरून उठवलं. कोणीतरी जुनं पागोटं आणलं होतं, सवयीनं. फुलचंद ते त्याच्या डोक्याला बांधू लागला. "मिस्त्रीचीच कृपा हाय," तो म्हणत होता, "पाहा, सहाच्या सहा वेळा." हरिसिंगानं पागोटं ओढून काढलं. त्यांना तेही समजलं, तेही आवडलं.

•

तिथून तो तसाच मातीच्या गुडघ्यांनी आर्णीत मिस्त्रीच्या घरी गेला. अमिनाबी, मिस्त्रीची बायको, इद्दतमध्ये होती. चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर यायचं नाही. कय्युमची बायको गुलनार दारात आली. हरिसिंग म्हणाला, भाभींशी बोलाचं हाय. मधल्या दाराला पडदा होता. गुलनारनं अलीकडे पाट मांडला आणि आत गेली.

"बोला हरिसिंगभाऊ," पडद्यामागून आवाज आला.

तो बोलला. ह्या वेळी काहीच गाळलं नाही. उत्तमसिंगाचं पागोटं, लाल ठिपका, दोन रेघा, कय्युम आणि फुलचंद उभे होते ते, पपया, शेंदूर.

"त्याईनं विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"तुम्ही काय म्हनलं?"

"म्हनलं, कशालेच नाई."

आत कोणीतरी भांडं उचलून दुसरीकडे ठेवलं.

"दहा दिवस," अमिनाबी म्हणाली, "रोज जेवून झालं का माह्या हातातलं लाटनं मांगत होते. डाव्या हातात लाटनं धरून बसत. असं धरत, तसं धरत. अंगठ्याकडे पाहत राहत. मले म्हनत, अमिना, म्या कसा धरला असंन गं? मले तं आठोते का बरोबर धरला. मंग चुकला कसा? तं मी म्हनलं, जाऊ द्या. वय झालं. मी म्हनलं असं."

हरिसिंग मातीच्या भिंतीकडे पाहत होता.

"लोक काही म्हनत, त्याचं त्याईले काही नव्हतं," ती म्हणाली. "सोताच्या हातावरचा भरोसा गेला होता. तसेच गेले."

"भाभी, नदीवर कोनी मानत नाई. कय्युमबी मानत नाई."

"कय्युमले मी सांगीन. माह्यं ऐकन तो. जानार नाई कुठी." आणि मग ती 'तुम्ही' वरून उतरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मी मानतो तुह्यं. मी एकटी मानतो. तू आता ह्या दारात येऊ नोको. माही इद्दत सरली तरी येऊ नोको. मेलो तं मैतीले येऊ नोको."

तो उठला. पाट भिंतीला लावून ठेवायला वाकला, तर गुलनारनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

बाहेर दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. कय्युमची ट्रंक दोरीनं बांधून ओट्यावर ठेवली होती. हरिसिंग समोरच्या लिंबाखाली थांबला. कय्युम नदीकडून आला, त्याच्याकडे न पाहता आत गेला. किती वेळ गेला कळलं नाही. मग कय्युम बाहेर आला, ट्रंकेची दोरी सोडली, ट्रंक आत नेली, आणि दुकानाच्या फळ्या एकेक करून काढू लागला. शेवटची फळी हातात असताना त्यानं लिंबाकडे पाहिलं. चाचा म्हटलं नाही. तो फक्त बघत राहिला, हरिसिंग निघून जाईपर्यंत.

नदीवर शेवरलेट अजून उभी होती. कोणीतरी बंद केली होती. हरिसिंग तांड्याकडे पायीच गेला.

माघातल्या त्या शुक्रवारी हरिसिंगाच्या गाडीला कुठेही जायचं नव्हतं; ती उठली नसती तरी चाललं असतं.